जिल्हानिहाय आरोग्य-आकडेवारीचा क्षेत्रघनी नकाशा ऑनलाइन कसा तयार करावा

नववीच्या भूगोलात वितरणाच्या नकाशांच्या तीन पद्धती शिकवल्या जातात: टिंब, क्षेत्रघनी आणि समघनी. जिल्ह्याजिल्ह्याला फिकट-गडद छटा देऊन कुपोषणाचा, लसीकरणाचा किंवा क्षयरोगाचा जो नकाशा वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळांवर दिसतो, तो क्षेत्रघनी नकाशा होय. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरातील १८५४ च्या पटकीच्या साथीचा जॉन स्नो यांचा प्रसिद्ध नकाशा या प्रकारात मोडत नाही, कारण त्यात प्रत्येक मृत्यूची खूण त्या-त्या घराशी केलेली आहे. क्षेत्रघनी नकाशाचा उगम त्याच्याही आधीचा आहे. शार्ल द्युपँ यांनी १८२६ मध्ये फ्रान्सच्या प्रांतांना शिक्षणाच्या प्रमाणानुसार पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा दिल्या, तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली.

आज असा नकाशा ब्राउझरमध्ये अर्ध्या तासात तयार होतो आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावेच लागते असे नाही. वेळ लागतो तो निर्णयांना. फिकट रंग पाहणाऱ्याला ‘इथे बरे चालले आहे’ असे सांगतो; ते खरे आहे की नाही, हे नकाशा करणाऱ्याने आकडा कोणता घेतला, तक्ता कसा भरला, गट कुठे पाडले आणि रिकाम्या जागांचे काय केले यावर ठरते. म्हणून या मार्गदर्शिकेत बटणांपेक्षा निर्णयांना जास्त जागा दिली आहे. उदाहरण एकच ठेवले आहे: महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांतील पाच वर्षांखालील बालकांमधील खुजेपणाचे, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असण्याचे प्रमाण, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार. ही फेरी २०१९-२१ मध्ये झाली आणि तिच्यात महाराष्ट्राचा समावेश पहिल्या, म्हणजे कोविडपूर्व टप्प्यात होता.

आकडा कोणता घ्यावा

पहिला नियम असा की नकाशात संख्या रंगवू नये, प्रमाण रंगवावे. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ होती आणि सिंधुदुर्गाची ८,४९,६५१. कोणत्याही आजाराच्या रुग्णांची नुसती संख्या रंगवली तर पुणे, ठाणे आणि मुंबई उपनगर गडद होतील आणि सिंधुदुर्ग फिकट राहील. आपण आजाराचा नकाशा समजून लोकसंख्येचाच नकाशा पाहत राहू. त्यामुळे रुग्णसंख्या असेल तर दर लाख लोकसंख्येमागे, प्रसूतींविषयीची माहिती असेल तर दर हजार किंवा दर लाख जिवंत जन्मांमागे, आणि सर्वेक्षण असेल तर टक्केवारीत आकडा घ्यावा. लोकसंख्येने भागायचे असेल तर भाजक कोणत्या वर्षाचा आहे हे नकाशाखाली लिहावे, कारण २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेल्यामुळे अजूनही बहुतेक ठिकाणी २०११ ची लोकसंख्या किंवा तिच्यावरून काढलेले अंदाज वापरले जातात.

दुसरी गोष्ट आकडा कुठे नोंदला गेला याची. आरोग्य संस्थांकडून दरमहा भरल्या जाणाऱ्या आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीत, म्हणजे ज्याला सगळे एचएमआयएस म्हणतात त्यात, घटना जिथे घडली तिथे तिची नोंद होते. शेजारच्या जिल्ह्यांतून वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलेल्या बाळंतिणीची प्रसूती महाविद्यालयाच्या जिल्ह्यात मोजली जाते. अपेक्षित जन्मांच्या तुलनेत संस्थात्मक प्रसूती शंभर टक्क्यांहून अधिक असलेला जिल्हा अशा तक्त्यात दिसला, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते. घरोघरच्या सर्वेक्षणात व्यक्ती राहते तिथे मोजली जाते, म्हणून जिल्ह्यांची तुलना करायची असेल तर असा नकाशा सर्वेक्षणावरून करणे अधिक सुरक्षित आहे.

वयाचाही विचार करावा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून पिढ्यान्‌पिढ्या कमावती माणसे मुंबईला गेली आणि मागे राहिलेल्या लोकसंख्येत वृद्धांचे प्रमाण वाढले. केवळ ढोबळ मृत्युदर रंगवला तर कोकण विनाकारण गडद दिसेल. मृत्यूंचा नकाशा करायचा असल्यास वयप्रमाणित दर, म्हणजे सगळ्या जिल्ह्यांची वयरचना सारखी धरून काढलेला दर, काढावा, आणि तो काढता येत नसेल तर तो नकाशा करूच नये.

काही आकडे तर जिल्हापातळीवर रंगवण्यासाठी नसतातच. माता मृत्यूंचे प्रमाण जन्म-मृत्यूंच्या नमुना नोंदणी योजनेतून राज्यांसाठी प्रसिद्ध होते. २०१८-२० साठी महाराष्ट्राचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. आता वर्षाला ३,००० जन्म होणारा एखादा तालुका घ्या. तिथे एक माता दगावली तर प्रमाण ३३ येते, तीन दगावल्या तर १००. दोन मृत्यूंच्या फरकाने तालुका सर्वांत फिकट छटेतून सर्वांत गडद छटेत जातो आणि पुढच्या वर्षी परत येतो. त्या दोन मृत्यूंची चौकशी झालीच पाहिजे, मात्र तिची जागा माता मृत्यू परीक्षणात आहे.

तक्ता भरताना

सर्वेक्षणाची जिल्हा माहितीपत्रके पीडीएफ स्वरूपात मिळतात आणि प्रत्येकात १०४ निर्देशक असतात. आपल्याला त्यांतला एकच हवा असल्याने ३६ पत्रके उघडून ३६ आकडे हाताने टिपणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. मी हे काम नेहमी दोनदा करतो: एकदा वरून खाली, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रकान्यात खालून वर, मग दोन्ही रकाने वजा करून सगळीकडे शून्य येते का ते पाहतो. छत्तीस आकड्यांत एखादी चूक हटकून सापडते. निर्देशक अधिक असतील तर टॅब्युलासारखे साधन पीडीएफमधला तक्ता उचलून देते, पण तरीही प्रत्येक रकान्यातले चार-पाच आकडे मूळ पानाशी ताडून पाहावेत.

या माहितीपत्रकांत एक खाचखळगा आहे, तो नीट समजून घ्यावा. नमुन्यात २५ ते ४९ व्यक्तीच असतील तर टक्केवारी कंसात छापलेली असते, आणि २५ पेक्षा कमी असतील तर आकड्याऐवजी तारांकन असते. हे कंस सर्वेक्षणकर्त्यांनी दिलेला इशारा आहेत. पण कंसातला आकडा एक्सेलमध्ये चिकटवला की हिशेबनिसांच्या रिवाजानुसार एक्सेल त्याला ऋण संख्या समजते, कंसातले ४१.३ हे उणे ४१.३ होते. तो आकडा नकाशात गेला की जिल्हा सर्वांत फिकट छटेच्याही खाली जाऊन बसतो. म्हणून आकड्यांचा रकाना आधी मजकूर स्वरूपात ठेवावा, त्यातले कंस आणि तारांकने शोधावीत, त्यांची नोंद ‘विश्वासार्हता’ नावाच्या वेगळ्या रकान्यात करावी, आणि मगच रकाना संख्येत बदलावा. तारांकनाच्या जागी शून्य कधीही लिहू नये. ती चौकट रिकामी ठेवावी.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. ३५.२ हा आकडा देवनागरीत टंकलेला असेल तर नकाशाची बहुतेक साधने त्याला संख्या मानत नाहीत, अक्षरे मानतात, आणि सगळा नकाशा करडा दिसतो. म्हणून तक्त्यात इंग्रजी अंकच ठेवावेत, वाचकाला दिसणाऱ्या मजकुरात देवनागरी अंक वापरावेत. हजार-लाखांचे स्वल्पविरामही तक्त्यातून काढून टाकावेत.

यानंतर तक्त्याला आणखी एक रकाना जोडावा, तो जिल्ह्याच्या संकेतांकाचा. हे काम अनेकजण टाळतात आणि नावांवरून जोडणी करतात. जनगणनेच्या रोमन लिपीतील यादीत बीडचे स्पेलिंग बी-आय-डी असे आहे, इतरत्र बी-डबल ई-डी असे. बुलढाणा आणि गोंदिया यांच्याबाबतीतही हाच घोळ आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यावर जुन्या-नव्या तक्त्यांत नावे जुळत नाहीत. पूर्ण देशाचा नकाशा करताना तर औरंगाबाद बिहारमध्येही सापडते, आणि जनगणनेच्या रोमन यादीत आपला रायगड व छत्तीसगडमधील रायगढ यांत फरकच उरत नाही. संकेतांकाला यांतले काहीच होत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे नंदुरबारच्या ४९७ पासून सांगलीच्या ५३१ पर्यंत ओळीने आहेत. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाल्याने त्याला २०११ चा संकेतांक नाही. नव्या जिल्ह्यांसह काम करायचे असेल तर केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक वापरावेत.

सुरुवातीच्या काळात मी केलेल्या एका नकाशात बीडची जोडणी अशीच नावावरून चुकली होती. चौकट रिकामी राहिली आणि त्या साधनाने रिकाम्या चौकटीला सर्वांत फिकट छटा दिली. त्यामुळे कागदावर बीड राज्यात सर्वांत सुदृढ जिल्हा ठरला. बैठकीत ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. बीडमध्येच काम करणाऱ्या एका अंगणवाडी पर्यवेक्षिकेने नकाशाकडे बराच वेळ पाहून हा आकडा कुठून आणला असे विचारले, तेव्हा कळली. तेव्हापासून जोडणीनंतर ३६ पैकी किती जिल्हे जुळले हे मोजल्याशिवाय मी पुढची पायरी चढत नाही.

सीमांची फाइल

नकाशाला दोन फाइली लागतात: एक आकड्यांची, दुसरी सीमांची. भारताच्या बाह्य सीमेबाबत इथे काटेकोर राहावे लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा फौजदारी विधी सुधारणा अधिनियम, १९६१ नुसार सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस किंवा दंडास पात्र गुन्हा आहे. परदेशी संस्थळांवरच्या अनेक तयार फाइलींत जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा वेगळी दाखवलेली असते, म्हणून देशाचा नकाशा करताना त्या वापरू नयेत. सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन संकेतस्थळावर प्रशासकीय सीमा मिळतात. डेटामीट या भारतीय स्वयंसेवी समूहाने २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यांच्या सीमा खुल्या परवान्याखाली ठेवल्या आहेत. त्या वापरल्यास समूहाचा नामोल्लेख करावा.

सीमांचे वर्ष आणि आकड्यांचे वर्ष एकच असले पाहिजे. सर्वेक्षणाची चौथी फेरी, म्हणजे २०१५-१६ ची, २०११ च्या ६४० जिल्ह्यांवर आधारलेली होती, म्हणून तिच्यात पालघर नाही. पाचव्या फेरीत ७०७ जिल्हे आहेत आणि पालघर स्वतंत्र आहे. दोन्ही फेऱ्यांचे नकाशे शेजारी-शेजारी ठेवायचे असतील तर पाचव्या फेरीतले ठाणे आणि पालघर पुन्हा एकत्र करावे लागतात, आणि त्यांची साधी सरासरी न काढता दोन्हीकडच्या बालकांच्या संख्येचा भार देऊन काढावी लागते. ते जमत नसेल तर चौथ्या फेरीच्या नकाशात ‘पालघरसह ठाणे’ असे स्पष्ट लिहून दोन्ही नकाशे आपापल्या सीमांसह ठेवणे जास्त प्रामाणिकपणाचे आहे.

सीमांची फाइल सहसा शेपफाइल असते. ही एकच फाइल नसून एका नावाच्या तीन-चार फाइलींचा जुडगा असतो. त्यांतली एक जरी मागे राहिली तरी नकाशा उघडत नाही किंवा मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. हा सगळा जुडगा मॅपशेपर या संकेतस्थळावर एकदम ओढून सोडावा. हे साधन ब्राउझरमध्येच चालते आणि आपली फाइल कोणत्याही सर्व्हरवर पाठवत नाही. तिथे तीन कामे करायची. पहिले, महाराष्ट्राबाहेरचे जिल्हे गाळायचे. दुसरे, ‘सिम्प्लिफाय’ ची पट्टी सरकवून सीमारेषेतले बारीक वळसे कमी करायचे, कारण मोबाइलवर उघडणाऱ्या नकाशात किनारपट्टीच्या प्रत्येक खाडीचे वळण लागत नाही आणि फाइल उगाच जड होते. मॅपशेपर दोन जिल्ह्यांची सामाईक सीमा एकच रेषा म्हणून हाताळते, त्यामुळे सीमांमध्ये फटी पडत नाहीत. हे करताना लहान आकार पुसले जाऊ नयेत यासाठीचा पर्याय चालू ठेवावा, नाहीतर अवघ्या १५७ चौरस किलोमीटरचा मुंबई शहर जिल्हा विद्रूप होतो. तिसरे काम म्हणजे टोपोजेसन किंवा जिओजेसन या वेब-नकाशांच्या स्वरूपात फाइल उतरवून घेणे.

जोडणी आणि प्रकाशन

मोफत आणि कोडशिवाय काम करणाऱ्या साधनांपैकी मी डेटारॅपर वापरतो, म्हणून त्याचीच वाट सांगतो. खाते उघडून नवा नकाशा निवडावा, त्यात ‘कोरोप्लेथ’, म्हणजे क्षेत्रघनी, हा प्रकार घ्यावा आणि आपली सीमांची फाइल चढवावी. साधन त्या फाइलीतला कोणता रकाना ओळखीसाठी वापरायचा हे विचारते. तिथे नाव न देता संकेतांक द्यावा. मग आपला तक्ता चिकटवावा, संकेतांकाचा आणि आकड्यांचा रकाना दाखवून द्यावा. न जुळलेल्या ओळींची यादी दिसली तर ती दुर्लक्षून पुढे जाऊ नये. यानंतर रंग आणि गट, मग शीर्षक, स्रोत व टीप, आणि शेवटी प्रकाशन. प्रकाशनानंतर मिळणारा एम्बेड कोड आपल्या संकेतस्थळाच्या पानात घातला की नकाशा तिथे दिसू लागतो.

ज्यांना आपल्या संगणकावर, इंटरनेटशिवाय काम करायचे आहे त्यांच्यासाठी क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर आहे, तेही मोफत. तिथे स्तराच्या गुणधर्मांत ‘जॉइन्स’ मधून तक्ता जोडतात आणि ‘सिम्बॉलॉजी’ मध्ये ‘ग्रॅज्युएटेड’ निवडून छटा देतात. थोडी जावास्क्रिप्ट येत असेल तर लीफलेट या वेब-नकाशांच्या जावास्क्रिप्ट साधनाच्या अधिकृत धड्यांमध्ये क्षेत्रघनी नकाशाचा धडाच आहे. साधन कोणतेही असो, पुढचा भाग सगळ्यांना सारखाच लागू आहे.

गट कुठे पाडावेत

हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, आणि साधने तो आपल्या वतीने गुपचूप घेऊन टाकतात. ‘क्वांटाइल’ पद्धत जिल्ह्यांचे समान संख्येचे गट करते: ३६ जिल्हे, पाच गट, प्रत्येकात सात किंवा आठ. नकाशा देखणा होतो, सगळ्या छटा सारख्या वाटल्या जातात. पण याचा अर्थ असा की परिस्थिती कितीही वाईट असली तरी सात जिल्हे फिकट दिसणारच, आणि कितीही चांगली असली तरी सात जिल्हे गडद दिसणारच. ‘समान अंतर’ पद्धत किमान ते कमाल आकड्याचे सारखे तुकडे करते. एखादा जिल्हा फार टोकाला असेल तर तो एकटा गडद आणि बाकी सगळे दोन छटांत कोंबलेले असे होते. जेंक्स यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘नैसर्गिक खंड’ पद्धत आकड्यांतल्या मोठ्या फटी शोधते, मात्र दर फेरीला तिचे खंड बदलतात, म्हणून दोन वर्षांच्या तुलनेला ती निरुपयोगी आहे.

आरोग्याच्या नकाशासाठी मी चौथा मार्ग सुचवतो: गटांच्या सीमा आकड्यांच्या अर्थावरून ठरवाव्यात. खुजेपणासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०१८ मध्ये सुधारलेल्या पातळ्या आहेत: २.५ टक्क्यांखाली अत्यल्प, २.५ ते १० अल्प, १० ते २० मध्यम, २० ते ३० उच्च, आणि ३० किंवा त्याहून अधिक अत्युच्च. पाचव्या फेरीत महाराष्ट्राचे एकंदर प्रमाण ३५.२ टक्के आहे. चौथ्या फेरीत ते ३४.४ होते. म्हणजे राज्याची सरासरीच अत्युच्च पातळीत आहे. क्वांटाइल नकाशात ज्याला पांढुरका रंग मिळेल, अशा जिल्ह्यातही दर चार-पाच बालकांमागे एकाची वाढ खुंटलेली असू शकते. वर्तमानपत्र तो नकाशा छापते, जिल्हा नियोजनाच्या बैठकीत तो दाखवला जातो, आणि फिकट जिल्ह्याचा प्रश्न चर्चेतून निघून जातो. मला ही चूक इतर सर्व चुकांपेक्षा जास्त गंभीर वाटते, कारण तिच्यात एकही आकडा खोटा नसतो.

म्हणून या नकाशासाठी २० खाली, २० ते ३०, ३० ते ३५, ३५ ते ४०, आणि ४० च्या वर असे पाच गट हाताने भरावेत. ३० च्या पुढचे तुकडे केल्याने जिल्ह्यांतला फरकही दिसतो आणि ३० ची रेषा रंगांच्या सूचीत ठळक केल्याने कोणती पातळी चिंतेची आहे हेही दिसते. एखादा गट रिकामा राहिला तरी तो सूचीतून काढू नये. २० खालचा रकाना रिकामा दिसणे हीसुद्धा माहितीच आहे. चौथ्या फेरीच्या नकाशालाही हेच गट आणि हेच रंग द्यावेत.

रंगांसाठी पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या सिंथिया ब्रूअर यांनी तयार केलेले कलरब्रूअर हे संकेतस्थळ पाहावे. एकाच दिशेने वाढणाऱ्या प्रमाणासाठी एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा घ्याव्यात. लाल-हिरव्या जोडीचा मोह टाळावा: रंगांधत्व असलेल्यांपैकी अनेकांना ती जोडी सारखीच दिसते, आणि जिल्हा परिषदेत हा नकाशा झेरॉक्स होऊनच फिरणार असल्याने काळ्या-पांढऱ्यात तिचा फरक उरत नाही. प्रकाशनापूर्वी एकदा काळ्या-पांढऱ्यात छापून पाहणे ही याची सोपी परीक्षा आहे. दोन फेऱ्यांमधला फरक रंगवायचा असेल तेव्हाच दोन रंगांची पट्टी घ्यावी आणि तिचा मध्य शून्यावर ठेवावा. आकडा नसलेल्या जिल्ह्याला त्या पट्टीत नसलेला करडा रंग द्यावा आणि सूचीत ‘आकडा उपलब्ध नाही’ अशी ओळ घालावी. कंसातल्या आकड्यांच्या जिल्ह्यांना तिरप्या रेघा देता आल्या तर उत्तम, नाहीतर जिल्ह्यावर बोट ठेवल्यावर उघडणाऱ्या चौकटीत तसा उल्लेख करावा.

सर्वेक्षणाचा आकडा अंदाज असतो हेही विसरता कामा नये. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ३१,६४३ कुटुंबे होती, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी सुमारे ८८०. समजा एका जिल्ह्यात २५० बालकांची उंची मोजली गेली आणि प्रमाण ३५ टक्के आले. साध्या नमुना-गणिताने खरे प्रमाण सुमारे २९ ते ४१ या पट्ट्यात कुठेही असू शकते, आणि सर्वेक्षण गावांच्या व वस्त्यांच्या समूहांतून नमुना घेत असल्याने प्रत्यक्षात हा पट्टा आणखी रुंद असतो. अशा वेळी ३४.८ चा जिल्हा एका छटेत आणि ३५.१ चा दुसऱ्या छटेत गेला, तर त्यावरून पहिला क्रमांक-दुसरा क्रमांक लावणे अयोग्य आहे. मी नकाशाच्या टिपेत ‘सहा-आठ टक्केबिंदूंपर्यंतचा फरक नमुन्यामुळेही असू शकतो’ असे वाक्य घालतो आणि जिल्ह्यांची क्रमवारी देत नाही.

नकाशाभोवतीचा मजकूर

शीर्षकात काय, कोणाचे, कुठे आणि केव्हा हे चारही यावे: ‘वयाच्या मानाने उंची कमी असलेली पाच वर्षांखालील बालके, टक्के, महाराष्ट्रातील जिल्हे, २०१९-२१’. खाली आकड्यांचा स्रोत, सीमांचा स्रोत आणि गट कशावरून पाडले याची एक ओळ द्यावी. पर्यायी मजकुराच्या चौकटीत, दृष्टिहीन वाचकांना पडदावाचक यंत्रावर ऐकू येईल असे, नकाशात दिसणारे दोन-तीन वाक्यांत लिहावे, आणि नकाशाखाली पूर्ण तक्ता उतरवून घेण्याची सोय ठेवावी.

क्षेत्रफळामुळे होणाऱ्या दिशाभुलीवरही उपाय करावा लागतो. गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे आणि तिथे २०११ मध्ये १० लाख ७३ हजार लोक होते. मुंबई उपनगर ४४६ चौरस किलोमीटरचे आहे आणि तिथे ९३ लाख ५७ हजार. नकाशात डोळा गडचिरोलीवर थांबतो, उपनगर दिसतही नाही. कोपऱ्यात मुंबई आणि ठाण्याचा मोठा केलेला छोटा नकाशा जोडावा.

जिल्ह्याची एक छटा जिल्ह्याच्या आतले अंतर झाकते, हे टिपेत आवर्जून लिहावे. अमरावतीच्या एका रंगात अमरावती शहर आहे आणि मेळघाटातले धारणी व चिखलदरा हे तालुकेही आहेत. पालघरच्या एका रंगात वसई-विरार आहे आणि जव्हार-मोखाडाही. मेळघाटातल्या बालमृत्यूंबद्दल राज्यात अनेक दशके बोलले जाते, पण अमरावती जिल्ह्याच्या सरासरीवरून त्याची कल्पना येत नाही. तालुक्याचे विश्वासार्ह आकडे हाती असतील तर तालुक्यांचा नकाशा करावा. नसतील तर जिल्ह्याचा आकडा तालुक्यांच्या सीमांवर पसरवून रंगवू नये; तो खोटा नकाशा होतो.

उलट बाजूने, फार खोलात जाण्यालाही मर्यादा आहे. क्षयरोग, एचआयव्ही किंवा कुष्ठरोगाचा गावनिहाय नकाशा केला आणि गावात एक-दोनच रुग्ण असले, तर साऱ्या गावाला ते कोण हे कळते. अशा आकड्यांना वरच्या पातळीवर एकत्र करावे किंवा ठरावीक संख्येखालचे आकडे झाकावेत, आणि झाकलेल्या गावालाही ‘आकडा उपलब्ध नाही’ पेक्षा वेगळी खूण द्यावी.

प्रकाशनानंतर सीमांची फाइल, संकेतांकांसह तक्ता आणि गटांच्या सीमा एका फोल्डरमध्ये, तारखेसह ठेवाव्यात. पुढच्या फेरीचे आकडे आले की फक्त आकड्यांचा रकाना बदलायचा, ३६ जिल्हे जुळले का ते पुन्हा मोजायचे, शीर्षकातले वर्ष बदलायचे आणि नकाशा पुन्हा प्रकाशित करायचा. एम्बेड कोड तोच राहतो. जुन्या फेरीचा नकाशा मात्र पुसू नये, त्याची स्वतंत्र प्रत त्याच पानावर खाली ठेवावी.